बर्माचा येळू नेमका कुठला?

झाडांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव विट्याहून येरळा नदीकडं जाताना लागतं. विहिरीच्या पाटाकडेला वेळूची तीन बेटं आहेत, एका ओळीत. सगळं गाव त्याला ‘बर्माचा येळू’ म्हणतं. माझे पणजोबा मराठा पलटणीत, चौथ्या बटालियनमध्ये होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर घरी येताना ते हा वेळू घेऊन आले, असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. काठी चार-साडेचार इंच जाडीची, भिंत भक्कम. बुडाकडच्या बारक्या फांद्या काट्यासारख्या टोचतात. पेराच्या वरच्या अंगाला पांढरट कडं असतं. शिडी, मांडव, गोठ्याच्या मेढी सगळं याचंच. विट्यातले बुरूड मात्र म्हणतात, हा आमच्या कामाचा नाही, चोया (विणायच्या पट्ट्या) बारीक निघत नाहीत. रोपवाटिकावाला म्हणतो, हा ‘भीमा’. कृषी पदवीला असलेला भाचा म्हणतो, ‘माणगा’. आमची आजी नव्वदीच्या पुढची आहे. ती सांगते, बहात्तरच्या दुष्काळात वाड्यामागचा येळू फुलला, दाणे पडले, तिनं ते कांडून शिजवले, आणि मग बेट वाळून गेलं. मला आता एकरभर हाच वेळू लावायचा आहे, रोपंही विकायची आहेत. पाटीवर नाव काय लिहू? ‘बर्मी वेळू’ लिहिलं तर चालेल का? सोबत खोळी, पानं आणि काठीचा तुकडा पाठवतोय.
– एक वाचक, ता. खानापूर, जि. सांगली

उत्तर : आधी तुमच्या पार्सलबद्दल. बांबू ओळखून द्या म्हणून लोक मला पानं पाठवतात आणि पानांवरून बांबू ओळखणं महाकठीण. तुम्ही कोंबावरच्या खोळी, म्हणजे कोंबाला गुंडाळलेली जाड आवरणं पाठवलीत, त्याही सुरकुतू न देता, वर्तमानपत्रात दाबून, आणि प्रत्येकीवर ‘बुडापासून पाचवं पेर’, ‘सातवं पेर’ असं लिहून. अशा पार्सलवर काम करायला फार बरं वाटतं. बांबूला फूल यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. तोवर त्याची ओळख पटवायला सगळ्यात भरवशाचं काही असेल तर ती कोंबावरची खोळ, आणि ती आषाढ-श्रावणात कोंब वर येतात तेव्हाच धडधाकट मिळते. दिवाळीपर्यंत ती गळून कुजते.

पाचव्या पेराची खोळ मी खिडकीपाशी उजेडात धरली. रुंद, जाड, बाहेरून गर्द तपकिरी केस, बोटाला टोचून चिकटणारे. शेंड्याला त्रिकोणी पातं. पातं जिथं खोळीला जुळतं तिथं आतून एक छोटी जिभली असते. तुमच्या खोळीत तिची कड करवतीसारखी दातेरी आहे. आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना, जिथं पुष्कळ बांबूंना कानाच्या पाळीसारखे भाग असतात, तिथं जवळजवळ काहीच नाही. ही जागा भिंगाखाली मी पुन्हा पुन्हा पाहिली, कारण निर्णय तिथंच होता. आपल्याकडं बागांतून सर्रास दिसणारा जो हिरवा किंवा पिवळा बांबू आहे, बाम्बुसा व्हल्गॅरिस, त्याचे दोन्ही कान ठसठशीत असतात आणि त्यांना राठ केसांची झालर असते. ईशान्येकडच्या टुल्डा बांबूचा एक कान मोठा, एक लहान. तुमच्या खोळीला ना हे ना ते.

आता त्यात तुमचं वर्णन मिळवा. जाड भिंत, पेराच्या वरचं पांढरट कडं, करडी झाक असलेली हिरवी काठी, आणि बुडाकडच्या पानं नसलेल्या, ताठ, काट्यासारख्या फांद्या. हा बाम्बुसा बाल्कोवा. आसाम, बंगाल, बांगलादेश हा त्याचा मुलूख. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी केलेलं त्याचं वर्णन 1832 मध्ये छापून आलं. तिकडं घरांचे खांब, शिड्या, बांधकामाच्या परांच्या यांना हाच बांबू लागतो. तुम्ही गोठ्याला तो वापरता आणि बुरूड त्याला हात लावत नाहीत, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

भाच्याला सांगा, माणगा कोकणातला, सिंधुदुर्गाकडं जास्त. तो जवळजवळ भरीव असतो, बिनकाट्याचा आणि जाडीला दीड-दोन इंचांच्या पुढं सहसा जात नाही. साडेचार इंचांची पोकळ काठी माणग्याची असूच शकत नाही. रोपवाटिकावाला मात्र फार लांब गेलेला नाही. ‘भीमा’ ही बाल्कोवातूनच निवडलेली आणि ऊतिसंवर्धनानं वाढवलेली जात आहे. जात-कुळी एक, पण तुमचं बेट म्हणजे ती निवड नव्हे. तेव्हा पाटीवर ‘भीमा’ लिहून विकू नका. घेणाऱ्याला ते वेगळं सांगितल्यासारखं होईल.

हे झालं झाडाची ओळख पटण्याबद्दल. ते आलं कुठून, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर भिंगाखाली मिळत नाही. त्यासाठी घरातल्या माणसांकडं जावं लागतं.

पणजोबांची हकिगत मी अजिबात हलक्यात घेत नाही. चौथी मराठा बटालियन मार्च 1944 मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत होती, हे नोंदलेलं आहे. त्या आघाडीला जाणारे जवान दिमापूरला रेल्वेतून उतरत. त्या स्टेशनचं नावच तेव्हा मणिपूर रोड होतं. तिथून पुढं कोहिमा, इम्फाळ. गावाकडं परतलेल्या जवानाच्या तोंडी या सगळ्या मुलखाचं एकच नाव असायचं, बर्मा. म्हणजे ‘बर्माचा येळू’ आसामातला निघाला, तर त्यात खोटं कुणीच बोललेलं नाही. खुद्द ब्रह्मदेशातले दोन मोठे बांबू, डेंड्रोकॅलॅमस जायगँटियस आणि ब्रँडिसाय, मी पडताळून पाहिले. दोन्हींची काठी याहून जाड होते, आणि असे काट्यांसारखे फाटे त्यांना फुटत नाहीत. तुमचा वेळू त्यांच्यातला नाही.

इथवर पणजोबा आणि बाल्कोवा यांचं छान जुळतंय. पण आजींचे दाणे आडवे येतात.

बाल्कोवा फुलतो, पण त्याला बी धरत नाही. तो फुलला की नुसताच वाळतो. दाणे पडले, कांडले, शिजवले, म्हणजे वाड्यामागचं बेट बाल्कोवाचं नव्हतं. आजींच्या आठवणीवर शंका घ्यायला मला काही कारण दिसत नाही. बांबूचे दाणे दुष्काळात लोकांनी खाल्ल्याच्या हकिगती देशभर आहेत. आपल्याकडच्या मानवेलाला आणि काटेरी कळकाला असे दाणे भरभरून येतात, भातासारखे शिजतातही. ज्या बाईनं रिकाम्या कणगीच्या वर्षात ते शिजवून पोरांना घातले, तिला ते कुठल्या बेटाचे होते हे नीट आठवणार. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा ते बेट वाड्यामागं उभं होतं, असंही तुम्ही फोनवर सांगितलंत. तेव्हा पणजोबांनी काही आणलं असेल तर ते वाड्यामागचं बेट. ते 1972 च्या सुमारास गेलं.

मग पाटाकडेची तीन बेटं कुणाची? हे पत्रात नव्हतं, म्हणून मी फोनवर विचारलं. तुम्ही सहज म्हणून गेलात, “ती मधल्या चुलत्यांनी लावली, विहीर बांधली तेव्हा. 1982 ला. ते सिलचरला गलाईत होते.”

खानापूर-आटपाडीकडचे लोक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्याची कुणी नोंदच घेत नाही. कोलकात्यापासून केरळपर्यंत सराफ कट्ट्यांवर आपली माणसं भेटतात. सिलचर म्हणजे बराक नदीचं खोरं. तिथं घरामागं बाल्कोवाचं बेट असणं नवलाचं नाही. चुलते घर-विहिरीच्या बांधकामासाठी गावी आले. शिडी-परांचीला चांगला म्हणून तिकडं रोज डोळ्यासमोर असलेला वेळू त्यांनी सोबत आणला. बी नसल्यामुळं आणायचा तर कंदासकट बुडखा किंवा जाड फांदीचा डोळ्यासहित तुकडाच आणावा लागतो. ओल्या पोत्यात गुंडाळला की तो रेल्वेच्या प्रवासात टिकतो. तीन बेटं एका ओळीत, सारख्या अंतरावर आहेत, यावरूनही कुणीतरी आखून लावल्याचं दिसतं. वाड्यामागचं बेट वाळून गेलेलं, घरात वेळू म्हटलं की ‘बर्माचा’ हेच नाव तोंडात बसलेलं. नव्या बेटाला जुन्याचं नाव चिकटलं. माझा कौल चुलत्यांच्या बाजूनं आहे, आणि मी तो ठामपणे देते.

तुम्ही म्हणाल, पणजोबांनी आणलं की चुलत्यांनी, वेळू तोच आहे, लावायला काय हरकत? हरकत आहे, आणि पत्राचं उत्तर इतकं लांबण्याचं कारणही तेच.

बुडख्यापासून किंवा फांदीपासून लावलेला बांबू हे नवं झाड नसतं. त्याच आईचा तो तुकडा असतो, आणि आईचं वय तो सोबत घेऊन येतो. सिलचरच्या बेटानं त्यावेळी तीस वर्षं काढली असतील तर तुमच्या विहिरीवर 1982 मध्ये लागलेला कोंबही तिशीतलाच होता. बांबूच्या फुलण्याचं घड्याळ असतं. मिझोराममध्ये ‘मुळी’ नावाचा बांबू 1958-59 मध्ये फुलला आणि पुन्हा 2006 ते 2008 च्या दरम्यान, म्हणजे साधारण 48 वर्षांनी. त्या वर्षांत डोंगरच्या डोंगर वाळले आणि दाण्यांवर वाढलेल्या उंदरांनी शेतं खाल्ली. बाल्कोवाच्या फुलण्याच्या नोंदी 35 ते 45 वर्षांच्या टप्प्यातल्या आहेत. एका आईचे तुकडे कुठंही नेऊन लावा, ते साधारण एकाच सुमाराला फुलतात.

आता हिशेब करा. तुमची बेटं लावून चाळीस वर्षं उलटली, आणि आईचं आधीचं वय त्यात धरलेलंच नाही. तीन बेटं वाळली तर तुमचं नुकसान तीन बेटांचं. पण त्यांच्यापासून एकरभर लावलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोपं विकली, आणि सहा-सात वर्षांत तोड सुरू व्हायच्या वेळी सगळं एकदम फुललं, तर बी नाही, कोंब नाही, एकर रिकामं. म्हणून हाच वेळू एकरभर लावायचा बेत तूर्त थांबवा.

करायचं काय, ते सांगते. चुलते आता हयात नाहीत, पण त्यांच्या दुकानातली माणसं सिलचरला आहेत असं तुम्ही म्हणालात. त्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारा. चुलत्यांनी वेळू कुणाच्या घरामागून घेतला, आणि तिथलं ते बेट नंतर कधी फुलून वाळलं का. बेट फुललं की गावात त्याची चर्चा होतेच, वर्ष आठवणारं कुणीतरी भेटतं. ते बेट 1982 नंतर फुलून गेलं असेल आणि तुमचं त्याच सुमारास फुललं नसेल, तर दोघांची आई एक नाही, आपण आणखी शोधायचं. ते अजून फुललंच नसेल, तर तुमच्यावर टांगती तलवार आहे असं समजा. शिवाय त्या काळात चुलत्यांबरोबर आणखी कुणी गाववाल्यानं वेळू आणला होता का, हेही विचारा. विट्याच्या आसपास कुणाच्या मळ्यात तसलंच बेट असेल तर पुढच्या श्रावणात त्याची पाचव्या पेराची खोळ आणि तुमची खोळ शेजारी ठेवून पाहा.

एकर लावायचंच असेल तर रोपं तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या, ज्यांची मातृबेटं वेगळी आहेत. थोडा माणगाही लावा. तुमच्याकडच्या कोरड्या हवेला मानवेल तर उत्तम चालतो आणि विट्याचे बुरूडही खूश होतील. तोडण्या-विकण्याच्या परवानगीची धास्ती धरू नका. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आहे.

पाटीवर लिहा : बाल्कोवा, मूळ सिलचर, आसाम, 1982 पासून खानापूर तालुक्यात. विकत घेणाऱ्याला फुलण्याचीही कल्पना द्या. अधिकृत ओळख हवी असेल तर खोळी, पानं, फांदी असा संच शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाला दाखवा.

आणि पणजोबांचा वेळू? तोही शोधता येईल. वाड्याच्या माळ्यावर, कौलाखाली, 1972 च्या आधीचा एखादा बांबू असेलच. खुद्द पणजोबांची काठी असेल तर सोन्याहून पिवळं. ती कापू नका, टोक नुसतं घासून पाहा. भरीव किंवा जवळजवळ भरीव निघाली तर मानवेलाचा विचार करा. पोकळ असेल आणि पेरांवर वाकड्या काट्यांचे वण असतील तर कळक. दोन्ही आपल्या मातीतले आहेत, आणि दोन्ही ब्रह्मदेशातही आहेत. बांबूचं बी फार दिवस टिकत नाही, पण काही महिने टिकतं, आणि ते खिशातून येऊ शकतं. आजींना एक प्रश्न माझ्या वतीनं विचारा : दाणे वेचताना हाताला काटे टोचत होते का? त्या जे सांगतील ते मला कळवा.

प्रश्न : साताऱ्यात रोपवाटिकेतून ‘बुद्धा बेली’ बांबू कुंडीत घेतला. गोलमटोल पेरं होती. अंगणात जमिनीत लावल्यावर नवे कोंब सरळसोट आले, पोट कुठंच नाही. मला दुसरंच झाड दिलं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : झाड तेच आहे. ज्याला बाम्बुसा व्हेंट्रिकोसा म्हणतात तो कुंडीत, अपुऱ्या पाण्यावर आणि आवळलेल्या मुळांवर असला की त्याची पेरं आखूड होऊन फुगतात. जमिनीत मुळं मोकळी झाली की तो सरळ वाढतो, चांगला उंच होतो. पोट हवं असेल तर एक कोंब पुन्हा कुंडीत घ्या आणि पाण्याचा हात आखडता ठेवा. मात्र याच नावानं आणखी एक बांबू विकला जातो, व्हल्गॅरिसचा ‘वामीन’ प्रकार. तो बुटका राहतो आणि जमिनीतही त्याची बुडाकडची पेरं फुगीर येतात. विकणाऱ्याला दोन्हींतला फरक माहीत असेलच असं नाही, म्हणून पुढच्या वेळी त्याच्याकडं जमिनीत लावलेलं मातृझाड पाहायला मागा.

प्रश्न : महाबळेश्वरला आमच्या नात्यातल्यांच्या जुन्या बंगल्यात पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असलेला बांबू आहे. तो इंग्रजांच्या काळात चिनी कैद्यांनी आणला असं सांगतात. खरं असेल?
– एक वाचिका, वाई

उत्तर : चिनी कैदी महाबळेश्वरला होते, हे खरंच आहे. मलाक्का-सिंगापूरकडून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांचा तिथं तुरुंग होता आणि तो 1864 मध्ये बंद झाला. बटाटा आणि विलायती भाज्या ते पिकवत, वेताचं विणकामही करत. म्हणजे बांबू-वेताची जाण असलेली माणसं तिथं नक्की होती. गोष्ट तिथूनच जन्मली असावी.

पण तुमचा बांबू त्याला साक्ष देऊ शकत नाही. तो व्हल्गॅरिसचा ‘व्हिटाटा’ प्रकार. त्याला बी येत नाही, तो तुकड्यातुकड्यानं हातोहात फिरतो, आणि जगभरच्या उष्ण देशांत बागाबागांतून एकसारखा दिसतो. वाईच्या एखाद्या फाटकाशी असलेला आणि महाबळेश्वरचा यांच्या खोळी शेजारी ठेवल्या तर काहीच फरक दिसणार नाही. इथं कागदच पाहावे लागतील. बंगल्याचे जुने फोटो काढून पाहा. व्हरांड्यासमोरच्या फोटोंत, काळे-पांढरे असले तरी, काठीवरच्या रेघा उमटतात. ज्या सर्वांत जुन्या फोटोत बांबू दिसेल, त्याच्या मागं काही लिहिलंय का बघा, आणि त्याच जागेचा त्याआधीचा बिनबांबूचा फोटो मिळाला तर तोही जपून ठेवा. त्या दोन फोटोंच्या मधल्या वर्षांतच बांबू लागला असणार. आणि एखादा कोंब पूर्ण हिरवा, बिनरेघांचा आला तर तो बुडातून काढून टाका. तसे कोंब जोमानं वाढतात आणि हळूहळू सगळं बेट हिरवं करून टाकतात.